७६ ची पद्मिनी: सगळं वायरिंग बदलू की आधी समजून घेऊ?

औशाचा_फियाटवाला

नमस्कार मंडळी. वडिलांची पद्मिनी (जुनी फियाट) गाडी आहे, आरसी बुकावर १९७६. हँडगिअर (गिअर स्टिअरिंगजवळ), बॅटरी चार्ज करायला जुना डायनामो. वडील गेल्यावर चार वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. यंदा दसऱ्याला डेंटिंग-पेंटिंग करून बाहेर काढली. इंजिनाची काही तक्रार नाही, पण लाइटचा सगळा सावळा गोंधळ आहे.

डावा इंडिकेटर दिला की डावा टेललाइट त्याच्याबरोबर मिचकावतो. त्यात ब्रेक दाबला तर इंडिकेटर बंदच पडतो. दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ उचलत नाही, धक्का मारावा लागतो. आयडलला लाल चार्जिंगचा दिवा पेटतो, रेस दिली की विझतो. आणि स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो. चौकातले लोक वळून बघतात.

एका इलेक्ट्रिशियनला दाखवली. त्यानं बॉनेट उघडलं, पाच मिनिटांत बंद केलं आणि म्हणाला, 'सगळं वायरिंग काढून टाका, १८ हजार.' घरी येऊन मीच फ्यूजबॉक्स उघडला, तर दोन फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली!

येळवसीला (वेळ अमावस्येला) घरच्यांना याच गाडीतून शेतात न्यायचं, असा आईचा हट्ट आहे. हातात महिना आहे. मला घरचा बल्ब बदलण्याइतकीच वीज कळते. काय करू?

जालन्याचा_अभि

दादा, आधी नवीन बॅटरी टाका आणि डायनामो काढून अल्टरनेटर बसवा. निम्मी कटकट तिथंच मिटेल.

मास्तर_परभणी

अभि, नवी बॅटरीसुद्धा दोन दिवसांत उतरेल. हौद बदलला म्हणून गळकी तोटी बंद होत नाही.

औसेकर, मी आयटीआयला बरीच वर्षं हा विषय शिकवला, म्हणून जरा लांबण लावतो. तुमच्या गाडीतल्या वायरीचं काम बघा. बॅटरीपासून दिव्यापर्यंत करंट नेते, मध्ये स्विच आणि फ्यूज असतात, इतकं सगळ्यांना दिसतं. न दिसणारी बाजू परतीची. परत येताना वायर नाही, गाडीचा पत्राच वायर आहे. पद्मिनीला निगेटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलेलं. (काही जुन्या इंग्रजी गाड्यांत उलटं असायचं, त्यामुळे तिकडचा सल्ला डोळे झाकून घेऊ नका.)

आता आठवा, रंग कधी दिला? दसऱ्याला. टेललाइट काढले, खालच्या पत्र्यावर प्रायमर आणि रंग चढला, दिवे परत बसवले. रंगातून करंट जात नाही. इंडिकेटरच्या करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या टेललाइटच्या बल्बमधून वाट काढतो. त्यामुळे तो मिचकावतो. ब्रेकचा दिवा लागला की त्या दिव्याची सगळी बॉडीच व्होल्टेजवर चढते, मग इंडिकेटरला परत जायला जागाच उरत नाही. वायरिंग जळालेलं नाही, रंग जास्त झालाय.

तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणा. टेललाइट चालू करा, इंडिकेटर द्या. काळी प्रोब लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब दिव्याच्या बॉडीवर. मीटर शून्याजवळ हवा. दोन-तीन व्होल्ट दाखवला तर चोर सापडला.

व्होल्टेज वाटेत मरतं, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. डीपीपासून लांबच्या विहिरीवर बारीक केबल ओढली की मोटर घुमते पण पाणी उचलत नाही. गाडीत तर मुळात १२ व्होल्टच आहेत. त्यातले दोन वाटेत गेले की दिवा पिवळा पडतो.

आयडलच्या लाल दिव्याची काळजी सोडा. डायनामो कमी फेऱ्यांवर बॅटरीइतकं व्होल्टेज काढत नाही. त्या दिव्याच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला डायनामो आहे. दोन्हीकडे सारखं व्होल्टेज झालं की तो विझतो. रेस दिल्यावर बॅटरीच्या टोकांना १४ च्या आसपास दिसलं तर चार्जिंग ठीक. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (डायनामोचं व्होल्टेज आवरणारी डबी) बघावा लागेल, नाहीतर बॅटरीचं पाणी उकळेल.

अंबाजोगाईची_लेक

मास्तरांशी सहमत. आमच्या बाबांच्या अ‍ॅम्बेसेडरचंही वायरिंग मी बदललं नाही, एकेक सर्किट करत गेले. फक्त फ्यूजवरची चांदी आजच काढा दादा. पद्मिनीत टोकदार फ्यूज असतात, पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा. चांदी गुंडाळली की फ्यूज वितळायच्या आधी वायर वितळते. आमच्याकडे उंदरानं कुरतडलेली वायर बॉडीला टेकली होती, डॅशबोर्डखालून धूर निघाला तेव्हा कळलं.

काळी टेप वापरू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बॉनेटखाली तिचा गोंद वितळून सुटतो आणि वायर उघडी पडते. वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. आणि काम सुरू करताना निगेटिव्ह आधी सोडा, लावताना शेवटी लावा. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला लागला, तर ठिणगीच.

औशाचा_फियाटवाला

मास्तर, ताई, मीटर आणला. टेललाइटला ३.८ व्होल्ट! स्क्रू काढले तर खाली चकचकीत पांढरा रंग. पॉलिश पेपरनं नाण्याएवढा पत्रा घासला, वर थोडं ग्रीस. परत मोजलं तर ०.०६. इंडिकेटर एकटाच मिचकावायला लागला. मी शेडमध्ये एकटाच टाळ्या वाजवल्या. आईनं बाहेरून विचारलं, काय झालं रे?

बॅटरी उतरण्याचं मात्र अजून कळेना.

मास्तर_परभणी

चावी काढा, दारं लावा. निगेटिव्हची केबल सोडून बॅटरीचं टोक आणि केबल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरवर लावा. लाल लीड १० च्या भोकात घालायला विसरू नका. आणि मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नका. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज नाहीतर मीटरच जातो. माझ्या वर्गात दरवर्षी एक तरी जायचा.

नंतर एकेक फ्यूज काढा. जो फ्यूज काढल्यावर आकडा खाली पडेल, त्याच सर्किटमध्ये बॅटरी गळतेय. कुठल्याच फ्यूजला पडला नाही तर डायनामोची जाड वायर सोडून बघा. कटआउटचे (डायनामो आणि बॅटरी यांच्यामधला आपोआप चालणारा स्विच) पॉइंट चिकटले तर उभ्या गाडीत बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होते.

जालन्याचा_अभि

मास्तर, अल्टरनेटरचं मागे घेतो. पण हेडलाइट तरी १०० वॉटचे टाकू द्या की. औसा-लातूर रात्री काही दिसत नाही.

मास्तर_परभणी

हिशेब कर. साधे ५५ वॉटचे दोन, म्हणजे ११० भागिले १२, नऊ अँपिअर. हे नऊ अँपिअर पन्नास वर्षं जुन्या स्विचमधून जाणार. १०० वॉटचे दोन टाकलेस तर सोळाच्या वर. स्विच गरम होईल आणि डायनामो पुरणार नाही. त्यापेक्षा रिले लाव, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच; त्याच्या पिनांवर नंबर असतात. बॅटरीवरून फ्यूज घेऊन ३० नंबरला, ८७ मधून दिव्याला, ८५ ला अर्थ आणि ८६ ला जुन्या स्विचची वायर. स्विचवर फक्त कॉइलचा चिमूटभर भार येतो. जुनेच बल्ब उजळ लागतील.

औशाचा_फियाटवाला

सापडलं. मीटरवर ०.४ अँपिअर होता, सगळे फ्यूज काढले तरी हलेना. डायनामोची वायर सोडली, तरी तोच. मग बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेली एक पातळ लाल वायर धरून धरून आत गेलो. मागच्या सीटखाली वडिलांनी बसवलेला टेपचा अ‍ॅम्प्लिफायर! टेप कधीच काढून टाकलेला, हा मात्र थेट बॅटरीवर. ना फ्यूज, ना स्विच. दोन दिवसांत १९ अँपिअर-अवर पीत होता. वायर सोडली, आता शून्य. अ‍ॅम्प्लिफायर काढला नाही, राहू दे तिथंच.

डॅशखालच्या सगळ्या वायरी वहीत काढतोय, कुठली कुठं जाते ते. फियाट ११००-डीच्या (पद्मिनीचंच आधीचं मॉडेल) वायरिंगचा जुना नकाशा मिळालाय, पण मधल्या लोकांनी वायरींचे रंग बदललेत. आईनं विचारलं, हा कुठल्या परीक्षेचा अभ्यास? स्विच आणि दिव्यांची जुनी ओरिजिनल कव्हरं कुठं मिळतील?

अंबाजोगाईची_लेक

मुंबईला जाणं झालं तर कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घाला. जुना नमुना हातात घेऊन जा, फोटोवर भलतंच गळ्यात मारतात.

मास्तर_परभणी

आणि हॉर्न? त्याचं काय केलंत?

औशाचा_फियाटवाला

तो तसाच. उजवीकडे वळलं की वाजतो. वायरच काढून ठेवू का येळवस होईपर्यंत?

मास्तर_परभणी

हॉर्नशिवाय औशाच्या बाजारातून गाडी काढणार आहात का? वायर ठेवा. स्टिअरिंगच्या मधलं बटण उघडा. हॉर्नला अर्थ त्या बटणातूनच मिळतो. आतली सरकती वायर वळवताना घासून कुठंतरी सोलली असेल, नाहीतर इन्सुलेशनचा वॉशर झिजला असेल. पाच रुपयांचं काम आहे. उघडल्यावर फोटो टाका.

औशाचा_फियाटवाला

वॉशर होता, मास्तर. वॉशर म्हणजे पोस्टकार्डाचा गोल तुकडा. अर्धवट अक्षरं दिसतात, वडिलांचंच अक्षर आहे. फोटो टाकतो.