मदत हवी आहे: बीएसए एम-२० चं ऑइल इंजिनात उतरतंय

मंडळी, आजोबांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली बीएसए एम-२० मोटरसायकल दोन वर्षं खपून उभी केली. ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह, पुढे गर्डर फोर्क. १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी काढलेली ही कंपनी. इंजिनावरची तीन बंदुकांची खूण रंगाच्या थरांखालून निघाली, तेव्हा आई कितीतरी वेळ तिच्यावरून बोट फिरवत होती.

आता अडचण अशी, की आठवडाभर उभी राहिली की टाकीतलं ऑइल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरतं. किक मारताच अंगणभर निळा धूर. ऑइल अडवणाऱ्या झडपेतला बॉल आणि स्प्रिंग बदलून झाली. बॉलची बैठक झिजली असेल, की पंपच उघडावा? पाइपवर कॉक बसवायला मन धजत नाही. एकदा उघडायचा राहिला तर इंजिन जाम. हे काम कुणी केलंय का? कोल्हापूरकडे जुना जाणकार मिस्त्री असेल तर जरूर सांगा.