मदत हवी आहे : स्तनाच्या कॅन्सरनंतर शेक (रेडिएशन), पाच की पंधरा?

नमस्कार मंडळी, देवगडहून लिहितोय. आत्याच्या (वय ६२) डाव्या स्तनातली गाठ मागच्या महिन्यात काढली. स्तन ठेवलाय, काखेतल्या गाठींचा रिपोर्ट स्वच्छ आला, केमोची गरज नाही म्हणाले. आता शेक द्यायचाय. मुंबईच्या डॉक्टरांनी पंधरा सिटिंग सांगितलीत, आठवड्याला पाच, म्हणजे तीन आठवडे. बूस्टचं (गाठ होती त्या जागेला जादा शेक) नंतर बघू म्हणाले.

इकडे हापूस तोडणीला आलाय आणि आत्याचं एकच पालुपद, "तीन आठवडे मुंबयत ऱ्हवान काय करू? कलमां कोण बघतलो?" त्यात पुण्याच्या आतेभावाने फास्ट-फॉरवर्ड नावाचा ब्रिटनमधला अभ्यास पाठवलाय. २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. चार हजारांवर रुग्ण. ४० ग्रे (ग्रे म्हणजे शेकाच्या मात्रेचं माप) पंधरा सिटिंगमध्ये देण्याऐवजी २६ ग्रे पाचच सिटिंगमध्ये, एका आठवड्यात दिले, तरी पाच वर्षांनी त्याच स्तनात गाठ परत येण्याचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. मग आत्याला पाच का नकोत? डॉक्टरांना शिकवायला आलोय असं न वाटता हे विचारायचं कसं?

शिवाय बाजू डावी, त्यामुळे हृदयाची काळजी वाटते. श्वास रोखून शेक देतात म्हणे. दमाला आत्या कमी नाही, तिची हाक खळ्यातून थेट बंदरावर पोचते. पण ही सोय सगळीकडे असते का? डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कोणी रेडिएशन घेतलंय का? आम्हाला कणकवलीहून रेल्वेने सावर्डा सोयीचं पडेल.

रत्नांग्रीकर : दादा, मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे. निर्णय डॉक्टरांचाच, पण आधी बूस्टचं पक्कं करून घ्या. बूस्ट लागला तर पाचावर आणखी सिटिंग चढतात आणि एका आठवड्याचं गणित कोलमडतं. "आमच्या पेशंटला पाच सिटिंग चालतील का, नसतील तर कशामुळे?" एवढं सरळ विचारा, कोणी रागावत नाही. आणि एकूण ग्रे कमी म्हणून तो शेक सौम्य समजू नका. पाचमध्ये दर वेळी ५.२ ग्रे जातात, पंधरामध्ये साधारण २.६७.

श्वास मोठा घेऊन रोखला की फुप्फुस फुगतं आणि हृदय स्तनापासून लांब सरकतं. शेकाची आखणी करायचा सीटी स्कॅनही तसाच श्वास रोखून काढतात, म्हणून सेंटर आधी ठरवा. सीटी एकीकडे आणि शेक दुसरीकडे असं करू नका.

कुडाळची माई : आईच्या वेळचं सांगते. शेकाची जागा दाखवायला अंगावर केलेल्या मार्करच्या खुणा आपल्याकडच्या घामात पुसट होतात. घरी पेनाने गिरवू नका हो, तिथल्या माणसांना दाखवा. महात्मा फुले योजनेचे कागद आधीच काढून ठेवा.

धागाकर्ता : आभार दोघांचे. बूस्टचं सोमवारीच विचारतो. आत्याने श्वास रोखायचा सराव सुरूही केलाय, मध्येच हसते. डेरवणचा कोणाला अनुभव असेल तर जरूर लिहा.