आकडे पटत नाहीत म्हणून खबरदारीही नको, हे कितपत बरोबर?

बोरीकाठ (अमळनेर तालुका) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मे २०२५ मध्ये कोविडचे रुग्ण पुन्हा थोडे वाढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आमच्या गावातील ज्येष्ठ मंडळींनी ग्रामसभेत एक साधी सूचना मांडली. ज्याला ताप-खोकला असेल त्याने द्वारदर्शनाला (मृताच्या घरी सांत्वनाला) आणि गंधमुक्तीच्या (मृत्यूनंतरच्या विधीच्या) पंगतीला जाणे टाळावे, आणि जावेच लागले तर मास्क लावावा, एवढीच ती सूचना होती. दंड नाही, सक्ती नाही. तरीही वाद असा पेटला की घरकुलांच्या यादीचा विषय तसाच राहिला. मागच्या बाकावरून एकाने "आकडाज खोटा शेतस, मंग मास्क कसाले?" (आकडेच खोटे आहेत, मग मास्क कशाला?) असे विचारले आणि निम्मी सभा त्याच्या बाजूने झाली.

विरोध करणारे अडाणी नाहीत. त्यांच्यातील एक कृषी पदवीधर मोबाइलवरून आकडे वाचून दाखवत होता. २०२१ अखेरपर्यंत सरकारच्या मते देशात कोविडने सुमारे ४ लाख ८१ हजार माणसे दगावली, तर जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये त्याच दोन वर्षांसाठी सुमारे ४७ लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला. त्याचे म्हणणे असे की, दोन आकड्यांत जवळजवळ दहापट फरक असेल तर कोणीतरी धडधडीत खोटे बोलत आहे, आणि खोटे बोलणाऱ्यांनी सांगितलेली खबरदारी आपण का पाळावी?

मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. एवढ्या मोठ्या फरकाचे कारण काय, आणि आकड्यांवरचा अविश्वास थेट खबरदारीवर नेऊन ठेवणे योग्य आहे का, हे जाणकारांनी सांगावे. राजकीय पक्षांची उणीदुणी कृपया येथे नकोत.

निवृत्त आरोग्य सहायक (धुळे) यांचे उत्तर

बोरीकाठ भाऊ, तुमच्या पदवीधराने ठेवलेले दोन्ही आकडे खरे आहेत. मात्र ते एकाच गोष्टीचे नाहीत. सरकारी आकडा हा ज्यांची चाचणी झाली, अहवाल पॉझिटिव्ह आला आणि ज्यांच्या मृत्यूची कोविड म्हणून यंत्रणेत नोंद झाली, त्यांचा आहे. संघटनेचा आकडा जादा मृत्यूंचा आहे, म्हणजे महामारी नसती तर जेवढे मृत्यू अपेक्षित होते त्यापेक्षा प्रत्यक्षात किती अधिक झाले, याचा हिशेब. त्यात चाचणीविना घरीच मरण पावलेले येतात, तसेच खाटा कोविडने अडवल्यामुळे हृदयविकाराचा उपचार वेळेवर न मिळालेलेही येतात. भारत सरकारने या अंदाजामागच्या गणिती प्रतिमानावर (मॉडेलवर) जाहीर आक्षेप घेतला होता आणि तो सगळाच पोकळ होता असे मला वाटत नाही. प्रतिमान हे शेवटी अनुमानच असते.

म्हणून मी प्रतिमान बाजूला ठेवून सरकारचीच कागदपत्रे पाहण्याचा सल्ला देईन. नागरी नोंदणी पद्धतीनुसार देशात २०२० मध्ये सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले आणि २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २ लाख. हा अहवाल मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्षात २१ लाखांची वाढ, आणि त्या वर्षाचे अधिकृत कोविड मृत्यू सव्वातीन लाखांच्या थोडे वर! आता यावर कोणी म्हणेल की नोंदणी सुधारली म्हणून आकडा वाढला, आणि त्यात तथ्य आहे. २०१८ ते २०१९ या साध्या वर्षातही नोंदलेले मृत्यू सुमारे ७ लाखांनी वाढले होते. पण नमुना नोंदणी पद्धत ही पाहणी वेगळी असते. तिच्यात ठरलेल्या गावांत आणि वस्त्यांत माणसे घरोघर जाऊन जन्म-मृत्यू विचारतात, त्यामुळे कोणी ग्रामपंचायतीत नोंद केली की नाही यावर ती अवलंबून नसते. तिच्यानुसार हजारी मृत्युदर २०२० मध्ये ६.० होता आणि २०२१ मध्ये ७.५ झाला. देशाच्या लोकसंख्येला हा दीडचा फरक लावला तर साधारण वीस लाख येतात. दोन वेगवेगळ्या वाटांनी निघालेले सरकारी आकडे जवळपास एकाच ठिकाणी पोहोचतात, हे मला महत्त्वाचे वाटते.

जादा मृत्यू मोजण्याची रीत काही भारताला बदनाम करण्यासाठी आज शोधलेली नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझात गावोगावच्या नोंदींत बहुतेक मृत्यू नुसते "ताप" म्हणून लिहिले गेले, आणि बळींची संख्या त्या काळातही नेहमीच्या मृत्यूंपेक्षा किती अधिक झाले यावरूनच काढावी लागली. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली होती.

आपल्या भागाचे एक उदाहरण देतो. २०२० च्या मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्यात बाधितांमधील मृत्यूचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेले होते आणि जिल्ह्याचे नाव देशभर गाजले. जळगावचा विषाणू काही वेगळा नव्हता. चाचण्या कमी होत्या, त्यामुळे बाधितांचा छेद लहान होता. आणि माणसे धाप लागल्यावरच दवाखान्यात येत, त्यामुळे मृत्यूंचा अंश मोठा होता. चाचण्या वाढल्या, माणसे लवकर येऊ लागली, तसे हे प्रमाण खाली आले. राज्याचे प्रमाण २०२१ अखेर २.१ टक्क्यांच्या आसपास होते. दहा टक्के हा आकडा त्या दिवशी खोटा नव्हता, पण "शंभर जणांना लागण झाली तर दहा मरतात" असा त्याचा अर्थ लावणे मात्र चूक होते, आणि तेव्हा तो अर्थ पारापारावर सांगितला जात होता.

जिनिंगवाला (धरणगाव) यांचे उत्तर

निवृत्त साहेबांनी हिशेब छान समजावला, पण त्यांनी एक बाजू सोडून दिली. लोकांचा विश्वास बेरीज-वजाबाकी चुकल्यामुळे गेला नाही. आदेश देणाऱ्यांच्या वागण्यामुळे गेला. दुसऱ्या लाटेत आमच्या जिनिंगला (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याला) ठरावीक तासांची वेळ घालून दिली होती आणि शटर अर्धा तास उशिरा खाली आले तरी पावती फाडली जाई. त्याच आठवड्यांत निवडणूक असलेल्या राज्यांतील सभांची गर्दी आम्ही दूरदर्शनवर पाहत होतो. २०२१ ची आखाजी (अक्षय्य तृतीया) १४ मे रोजी आली. लेकीबाळी माहेरी येऊ शकल्या नाहीत, झोके रिकामे राहिले, आणि दुसरीकडे वजनदार माणसांच्या घरची लग्ने लागलीच. हे पाहिलेल्या माणसाला तुम्ही छेद आणि अंश सांगायला गेलात तर तो कितपत ऐकेल?

दुसरे म्हणजे, औषधांबाबत जे झाले ते विसरता येण्यासारखे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रेमडेसिविरची शिफारस करत नसल्याचे सांगितले होते, तरी एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या एका कुपीसाठी नातेवाईक रात्र-रात्र रांगेत उभे होते. आमच्या कुटुंबाने एका खासगी रुग्णालयाच्या सांगण्यावरून ते काळ्या बाजारातून आणले. प्लाझ्माचे तसेच झाले. त्यासाठी गावोगाव दाते शोधले गेले आणि मे २०२१ मध्ये तो उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला. मास्कबद्दलही आधी सर्वसामान्यांना गरज नाही असे सांगितले जात होते, आणि जून २०२० मध्ये संघटनेने सल्ला बदलला. विज्ञान शिकत-शिकत पुढे जाते हे मला मान्य आहे. मग पहिला सल्ला देताना एवढ्या ठामपणे का दिला गेला? "आज आम्हाला इतके समजले आहे, पुढे बदलू शकते" हे एक वाक्य कोणत्याच पत्रकात नव्हते.

मी स्वतः लस घेतली आहे आणि कोणाला मास्क लावू नका असे सांगत नाही. पण ग्रामसभेतील त्या मागच्या बाकावरच्या माणसाला अडाणी समजू नका, एवढेच सुचवतो.

सातपुडा पायथा (तळोदा) यांचे उत्तर

दोन्ही भाऊंचे वाचले. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात आकड्यांची अडचण आणखी वेगळी आहे, कारण मृत्यूची नोंद माणूस जिथे मरतो तिथल्या निबंधकाकडे होते, तो जिथला राहणारा असतो तिथे नाही. आमचे आजारी सुरतेला जातात, ऊसतोडीला आणि मजुरीला गेलेले तर आधीच गुजरातेत असतात. त्यामुळे गावात रडारड होते, पण गावच्या रजिस्टरात ओळ पडत नाही. उलट अक्राणी तालुक्याच्या दुर्गम पाड्यांत, जिथे नर्मदेतून बोटीने आरोग्य पथके जातात, तिथे घरी झालेल्या मृत्यूची नोंदच कित्येकदा महिनोन्महिने होत नाही.

गुजरातचा अनुभव बोलका आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविड मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याच्या योजनेला मान्यता दिली. त्या राज्याचा अधिकृत मृत्यूंचा आकडा दहा हजारांच्या आसपास होता, आणि जानेवारी २०२२ पर्यंत मंजूर झालेले अर्ज मात्र ६८ हजारांच्या वर गेले होते. याला लपवाछपवी म्हणण्याआधी व्याख्या पाहिली पाहिजे. भरपाईसाठी चाचणीच्या दिवसापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, मग तो घरी झालेला असला तरी, धरला जात होता; रोजच्या पत्रकातील व्याख्या त्याहून तोकडी होती. अर्थात व्याख्या तोकडी ठेवणे हाही कोणीतरी घेतलेला निर्णयच असतो, हे जिनिंगवाल्या भाऊंच्या बाजूने म्हणावे लागेल.

पण आकडे कच्चे असूनही त्यांवर निर्णय घेता येतो, हेही आम्ही पाहिले. डॉ. राजेंद्र भारूड जिल्हाधिकारी असताना दुसरी लाट येण्याआधीच जिल्ह्यात प्राणवायू निर्मितीचे प्रकल्प उभे राहू लागले होते. नेमके किती रुग्ण येतील हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते. रुग्णसंख्या कमी असतानाच पुढची तयारी केली गेली, आणि एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठी शहरे प्राणवायूसाठी तडफडत असताना आमचा आदिवासी जिल्हा त्या मानाने सावरलेला होता. मोजणी पूर्ण होईपर्यंत थांबले असते तर काय झाले असते, याचा विचार ग्रामसभेत मांडून पाहा.

निवृत्त आरोग्य सहायक (धुळे) यांचे उत्तर

जिनिंगवाल्या भाऊंच्या तक्रारीपैकी एकही मी खोडणार नाही. ठामपणाबद्दलचे त्यांचे म्हणणे तर मी नोकरीत असताना वरिष्ठांपुढे मांडले असते तर बरे झाले असते, असे अनेकदा वाटते. पण खालच्या माणसाला पत्रक वाटायचे असते, लिहायचे नसते.

मात्र मूळ प्रश्न मास्कचा आहे, आणि मास्कचा उपयोग मृतांच्या एकूण आकड्यावरून ठरत नाही. चार लाख गेले की चाळीस लाख, याने खोकणाऱ्या माणसाच्या तोंडातून बाहेर पडणारे कण कमी-जास्त होत नाहीत. त्यासाठी वेगळा पुरावा पाहावा लागतो. बांगलादेशात सुमारे ६०० खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला. ज्या गावांत मास्क वाटले आणि समजावले तिथे वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला, आणि सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत लक्षणांसह झालेली कोविडची लागण सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळली. साठीच्या पुढच्यांत ही घट सुमारे ३५ टक्के होती. निम्म्याहून अधिक लोक मास्क लावतच नव्हते, तरी एवढा फरक दिसला. दुसरीकडे २०२३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेचा आढावा आला आणि "मास्कचा उपयोग नाही असे सिद्ध झाले" अशी बोंब उठली, तेव्हा त्यांच्याच मुख्य संपादकांना हा अर्थ चुकीचा आहे, पुरावा ठाम निष्कर्षाला अपुरा आहे, असा खुलासा करावा लागला. म्हणजे मास्क हा रामबाण नाही आणि थोतांडही नाही.

तुमच्या गावापुरते बोलायचे तर गंधमुक्ती अंगणात, मंडपाखाली होते, तिथे वारा खेळता असतो. माझ्या मते तिथला धोका कमी. द्वारदर्शनाला मात्र घरातल्या एका खोलीत बायका दाटीवाटीने तासभर बसतात, एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात, आणि त्या घरात बहुधा कोणीतरी ऐंशीच्या घरातले असतेच. ज्येष्ठांच्या सूचनेतून पंगत वगळून फक्त खोकला असलेल्यांनी आत बसू नये, ओट्यावरूनच भेटून जावे, एवढेच ठेवले तर विरोध बराच निवळेल असे वाटते. सरसकट नियम केला की लोक त्यातला सर्वांत निरर्थक भाग शोधून काढतात आणि सगळाच नियम फेकून देतात.

बोरीकाठ यांचा प्रतिसाद

ओट्याची कल्पना ज्येष्ठांना सांगतो. आमच्या पदवीधराने आता नवा हट्ट धरला आहे. तो म्हणतो की, देशाचे राहू द्या, आपल्याच ग्रामपंचायतीचे मृत्यूचे रजिस्टर काढू आणि २०२१ मध्ये कोविडने कोण कोण गेले ते वाचू. हे शक्य आहे का?

दप्तर सांभाळणारी (पारोळा) यांचे उत्तर

दादा, अर्धे शक्य आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १७ नुसार नोंदींचा शोध घेऊन उतारा मागता येतो, पण त्या उताऱ्यात मृत्यूचे कारण देता येत नाही, अशी कायद्यातच अट आहे. म्हणूनच मृत्यूच्या दाखल्यावर कारणाचा रकाना नसतो. अनेकांनी "दाखल्यावर कोविड लिहिले नाही, म्हणजे लपवले" असा आरोप केला, त्यांना हे कोणी सांगितलेच नाही. आणि कारण वाचायला मिळाले असते तरी फार हाती लागले नसते, कारण देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित होणारे मृत्यू पाव हिश्श्याहूनही कमी, म्हणजे जेमतेम २२-२३ टक्केच असतात. घरी वारलेल्यांच्या नावापुढे नातेवाईक सांगतील ते लिहिले जाते, आणि त्या वर्षी घर सील होण्याच्या भीतीने नातेवाईक काय सांगत होते ते आपण सगळेच जाणतो.

मात्र २०१७ पासून दर महिन्याला किती मृत्यू नोंदले गेले, एवढी नुसती संख्या निबंधकांकडे, म्हणजे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, लेखी अर्ज करून मागा. त्यात कोणाचे नाव येत नाही, त्यामुळे हरकत येऊ नये. शेजारच्या चार-पाच गावांचीही मागा, कारण एका गावात महिन्याला दोन-तीनच मृत्यू होत असतील तर एखाद-दुसऱ्याने चित्र बदलते. एप्रिल आणि मे २०२१ च्या ओळी आधीच्या वर्षांच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहा, आणि जळगाव, धुळे, नाशिकच्या दवाखान्यांत वारलेल्यांची नोंद तुमच्याकडे नसेल हे लक्षात ठेवून त्यांची यादी गावात तोंडी विचारून वेगळी करा. अर्ज देताना पोच घ्यायला विसरू नका.