सॉफ्टवेअरमध्ये बग आहे म्हणे!

तळटीप (धागालेखक)

गेल्या आठवड्यात ऑफिसातला एक जण लॅपटॉप उघडाच घेऊन आला. म्हणाला, "'आर'मध्ये बग सापडलाय." ('आर' म्हणजे संख्याशास्त्राची प्रोग्रामिंग भाषा.) सर्वेक्षण फक्त प्रौढांचं, अठराच्या खालचं कुणीही नाही, आणि सरासरी वय येतंय १७!

वयाचा रकाना पाहिला. चारशे ओळींत एके ठिकाणी कुणीतरी आकड्याऐवजी "आठवत नाही" असं टाइप केलं होतं. तेवढ्यानं अख्खा रकाना मजकूर ठरला. मशीनवर 'आर'ची जुनी आवृत्ती, तिनं मजकुराचा फॅक्टर, म्हणजे ठरावीक गटांत विभागलेला रकाना, केला. फॅक्टरची सरासरी निघेना म्हणून या गृहस्थांनी तो आकड्यांत बदलणाऱ्या 'अ‍ॅज.न्यूमेरिक'मध्ये घातला. पण फॅक्टरच्या पोटात वय नसतंच, पातळ्यांचे, म्हणजे त्या गटांचे, अनुक्रमांक असतात. १८ ला १, १९ ला २, असं पुढे. सरासरी निघाली ती त्या क्रमांकांची. खरी सरासरी ३४ होती.

माझं मत सरळ आहे. लोक 'बग' म्हणून जे घेऊन येतात, त्यातलं बहुतेक सगळं न वाचल्याचं फळ असतं. फॅक्टरच्या मदतपानावरच लिहिलंय की हे रूपांतर निरर्थक आहे. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ शी जुळत नाही, हा शोध दर महिन्याला कुणीतरी नव्यानं लावतो. अहो, हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके मावतच नाहीत, आणि संगणकात असे आकडे कसे साठवायचे हे सांगणारं आयट्रिपलई ७५४ हे मानक १९८५ पासून आहे. 'राउंड'ला २.५ दिले की ३ न येता २ येतात, तोही सम अंकाकडे झुकण्याचा नियम आहे, बग नव्हे.

तुमचं काय म्हणणं?

शंकेखोर

म्हणणं आहे, रागावू नका.

"हे निरर्थक आहे" असं मदतपानावर लिहून ठेवायचं आणि तेच निरर्थक काम बिनबोभाट करूनही द्यायचं, याला काय म्हणावं? विहिरीला कठडा बांधायचा नाही आणि पाटी मात्र लावायची, तशातली गत.

आता तोच प्रसंग नव्या आवृत्तीत घडवून पाहा. २०२० साली आलेल्या ४.०.० मध्ये मजकुराचा आपोआप फॅक्टर करणं बंद झालं. त्यामुळे तुमच्या मित्राचा रकाना मजकूरच राहिला असता, 'अ‍ॅज.न्यूमेरिक'नं त्या एका ओळीत एनए, म्हणजे 'मूल्य नाही', टाकून वर ताकीद दिली असती, आणि बाकीची ३९९ वयं जशीच्या तशी आली असती. माणूस तोच, त्याचं न वाचणंही तेच. बदललं फक्त सॉफ्टवेअर आणि चूक उघडी पडली. मग दोष कुणाचा होता?

अट तपासणाऱ्या 'इफ'चंही तेच. अटीत एकाऐवजी दहा मूल्यं दिली तर वर्षानुवर्षं फक्त पहिलं बघून काम पुढे रेटलं जायचं, सोबत एक ताकीद, जी कुणी वाचत नसे. २०२२ मधल्या ४.२.० पासून तिथे थेट एरर येते. लोकांना अक्कल आली म्हणून हे बदललं नाही, आधीची रचना चुकीची होती म्हणून बदललं.

तळटीप

बदल चांगलेच आहेत, पण फुकट येत नाहीत. २०१९ च्या ३.६.० मध्ये सोडतीनं नमुना काढणाऱ्या 'सॅम्पल'ची आतली रीत बदलली. जुन्या रीतीत समष्टी (ज्यातून निवडायचं तो समूह) फार मोठी असली की निवड पुरेशी समान होत नव्हती, म्हणजे कारण रास्त होतं. पण त्यामुळे तोच सीड (सोडतीचा सुरुवातीचा आकडा) देऊनही नमुना वेगळा येऊ लागला. माझ्या ओळखीतल्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातलं एकही कोष्टक नव्या मशीनवर जुळेना. दोन रात्री ती आपल्याच कोडमध्ये चूक शोधत होती. सोडतीची रीत ठरवणाऱ्या 'आरएनजीकाइंड'मध्ये जुनी 'राउंडिंग' रीत मागितली, तेव्हा कुठे आकडे परत आले.

तुम्ही सुधारणा म्हणता, तिच्या दृष्टीनं बग तो होता. आणि हेही बदलांच्या यादीत छापलेलं होतं बरं का!

सव्वाशहाणा

+१ धागालेखकाला. वाचायचा कंटाळा असेल तर संख्याशास्त्र कशाला करता?

रिकामा रकाना

सव्वाशहाणे, तुम्ही सगळं वाचलंय असं धरून एक कोडं घालतो.

विदासंचात उत्पन्नाचा रकाना आहे. काहींनी उत्तर दिलेलं नाही, ती जागा रिकामी. मला फक्त ५०,००० हून जास्त उत्पन्न असलेले लोक हवेत. अट एका ओळीची. किती लोक मिळतील?

स्टेटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये रिकामं मूल्य कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं धरतात. म्हणून ज्यांनी उत्पन्न सांगितलंच नाही ते सगळे श्रीमंत ठरतात. सॅस या तशाच सॉफ्टवेअरमध्ये ते कुठल्याही आकड्यापेक्षा लहान, तेव्हा ते इथे येणार नाहीत. पण उद्या १०,००० हून कमी उत्पन्नवाले मागा, हीच मंडळी गरिबांच्या रांगेत हजर! 'आर'मध्ये चौकटी कंसात अट घातली तर त्यांच्या जागी नुसत्या एनएनं भरलेल्या ओळी येतात, आणि 'डीप्लायर' या 'आर'च्या पॅकेजचं 'फिल्टर' वापरलं तर ते गुपचूप गळतात. पायथन भाषेच्या पांडाज पॅकेजमध्येही गळतात, कारण तिथे रिकाम्याशी केलेली ही तुलना खोटी ठरते.

अट एकच, वागण्याच्या तऱ्हा चार. प्रत्येक तऱ्हा आपापल्या पुस्तिकेत नीट लिहिलेली आहे, त्यामुळे धागालेखकाच्या व्याख्येनं यात एकही बग नाही. मी मात्र स्टेटात हा मार खाल्लाय. अहवाल वरपर्यंत गेला होता, तेव्हा एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "अहो, या गटात श्रीमंतांचं प्रमाण इतकं कसं?" त्या गटात उत्तर टाळणारे सर्वांत जास्त होते. पुस्तिका मी वाचली होती. तीन वर्षांपूर्वी. मधल्या काळात दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम केलं आणि हाताला तिकडची सवय लागली.

तेव्हापासून रिकाम्या जागा किती, हे मोजल्याशिवाय मी एकही अट लिहीत नाही. गाळणीआधी ओळी किती, नंतर किती, दोन्ही आकडे छापतो.

गप्पिष्ट

म्हणजे उत्पन्न लपवायचं असेल तर स्टेटापासून लांब राहावं. नोंद घेतली.

(अवांतर: 'विदा' वाचलं की मला अजून कुणाला तरी निरोप देतायत असं वाटतं. डेटा म्हणा की!)

नवखा०७

मोठ्यांच्या भांडणात तोंड घालतो. एकाच फाइलवर 'आर'च्या 'जीएलएम'नं आणि पायथनच्या सायकिट-लर्ननं लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही उत्तराचा अंदाज बांधणारी पद्धत) चालवलं. सहगुणक वेगळे आले. रागारागानं साधं प्रमाण विचलन काढलं, तर पायथनचंच नमपाय २ म्हणतं आणि 'आर' २.१४. आकडे होते २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. यातलं बरोबर कुणाचं?

दुभाजक

नवखा, दोन्ही बरोबर आहेत. फरकांच्या वर्गांची बेरीज ३२. नमपाय तिला ८ नं भागतं, 'आर' ७ नं. पांडाजही ७ नं, म्हणजे पायथनमध्ये राहूनसुद्धा दोन उत्तरं मिळतात! रिग्रेशनचं कारण वेगळं. सायकिट-लर्न न सांगता सहगुणकांना शून्याकडे ओढतं, ज्याला एल-टू दंड म्हणतात, आणि दंडाची 'सी' ही किंमत मुळात १ ठेवलेली असते. दंड काढा, दोन्हीकडचे आकडे जुळतील.

आता मूळ वादाबद्दल. दोष कुणाचा हे ठरवून चूक सापडत नाही. अर्धं कापत जा. निम्म्या ओळी ठेवून चूक राहते का पाहा, मग त्यातल्या निम्म्या. शेवटी पाच ओळी उरतील आणि कारण समोर असेल. दुसऱ्याला दाखवण्यासाठी असं छोटं उदाहरण तयार करता करताच बऱ्याचदा उत्तर सापडतं, म्हणून मी ते आधी करायला लावतो. आणि त्याआधी सेशन नवं सुरू करा. मागच्या खेपेचं वर्कस्पेस आपोआप उघडत असेल तर ते बंद करा. एकदा गटवार सरासरी काढताना पाच गटांऐवजी मला एकच ओळ मिळत होती. 'डीप्लायर'नंतर 'प्लायर' हे दुसरं पॅकेज लोड झालं होतं आणि दोघांतही 'समराइज' नावाचं फंक्शन आहे. शेवटी आलेल्यानं नाव बळकावलं.

शंकेखोर

बघा, इथेही कुणी काही बोललं नाही.

तळटीप

बोललं होतं! 'प्लायर' लोड होताना स्वच्छ सांगतं की तुम्ही मला 'डीप्लायर'नंतर बोलावलंय, घोटाळा होऊ शकतो.

दुभाजक

तळटीप, खरंय. तो लाल मजकूर मी वाचला नव्हता. कबूल.

रिकामा रकाना

दुभाजक, अर्धं कापण्याची युक्ती चांगली, पण तिलाही फसवणारे प्रकार असतात. आमच्याकडे ओळख क्रमांक १७ अंकी होते. दोन याद्या जोडल्या की काही माणसांना दुसऱ्यांचीच माहिती चिकटायची. छोटं उदाहरण केलं, त्यात क्रमांक दिले १, २, ३, आणि सगळं सुरळीत! तीन दिवस असेच गेले.

शेवटी कळलं ते असं. फाइल वाचताना क्रमांक साध्या संख्या म्हणून आत येत होते, आणि या प्रकारात ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या, म्हणजे दोनाच्या ५३ व्या घाताच्या पुढे प्रत्येक पूर्णांक वेगळा ठेवता येत नाही. शेजारचे दोन क्रमांक एकच होऊन बसतात. एक्सेल तर १५ अंकांनंतर सरळ शून्यं लावतं. ज्याच्यावर गणित करायचं नाही तो क्रमांक मजकूर म्हणूनच वाचावा, हे तिथे शिकलो.

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर धागालेखकाला एक प्रश्न. काही जनुकांची लघुनावं त्याला तारखा वाटायची. 'मार्च१' लिहिलं की १ मार्च, 'सेप्ट२' लिहिलं की २ सप्टेंबर. २०१६ मध्ये काही संशोधकांनी तपासलं, तर एक्सेलमध्ये जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशात ही चूक होती. शेवटी २०२० च्या सुमारास नामकरण समितीनं जनुकांचीच नावं बदलली, 'मार्चएफ१' आणि 'सेप्टिन२' अशी. हेसुद्धा न वाचल्याचं फळ का?

सव्वाशहाणा

एक्सेलवर सगळं ढकलणं सोपं आहे. राइनहार्ट-रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या कर्ज आणि वाढीवरच्या २०१० च्या निबंधात सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. एक्सेलनं सांगितलं तेवढंच केलं. मोठ्या कर्जाच्या देशांची वाढ उणे ०.१ टक्का निघाली, आणि २०१३ मध्ये हर्नडन, अ‍ॅश आणि पोलिन यांनी पुन्हा हिशेब केला तेव्हा २.२ टक्के.

दुभाजक

पूर्ण सांगा की. त्या फरकात सुटलेल्या पाच देशांचा वाटा थोडाच होता. काही वर्षांचा विदा गाळणं आणि देशांना भार देण्याची पद्धत यांचा वाटा मोठा. गाजली मात्र सूत्राचीच चूक, कारण ती चित्रात दाखवता येते.

तळटीप

जनुकांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, हे आधीच सांगतो. नावं बदलायची वेळ आली म्हणजे हद्द झाली.

आणखी एक सांगायचंय. वाद रंगला म्हणून काल माझाच एक जुना कोड काढून बसलो. प्रत्येक घरातून एक माणूस सोडतीनं निवडायचा होता. घरातल्या माणसांचे ओळक्रमांक 'सॅम्पल'ला द्यायचे, एक मागायचा. ओळीच मोजल्या होत्या त्या वेळी, आणि घरं जितकी तितकीच माणसं आली, म्हणून समाधानी होतो. काल पहिल्यांदा तपासलं की कुणी दोनदा तर निवडलं गेलं नाही ना. गेलं होतं, अकरा जण. सगळा घोळ एकट्या माणसांच्या घरांत. 'सॅम्पल'ला ७ आणि ९ दिले तर ते त्या दोघांतून निवडतं, पण एकटा ७ दिला तर १ ते ७ मधून कुणालाही उचलतं!

शंकेखोर

आणि हे मदतपानावर लिहिलेलं असेलच?

तळटीप

आहे. 'सोय' म्हणून दिलंय, आणि यानं नको ते घडू शकतं असं पुढे म्हटलंय. मी ते पान निदान तीनदा वाचलं असेल.

नवखा०७

मग आता त्या सोडतीवरचा अहवाल?

तळटीप

सोडत पुन्हा काढली आणि आकडे नव्यानं चालवायला लावलेत. सकाळपर्यंत कळेल.