एज ऑफ कॅलॅमिटी: मारधाड झकास, पण कथेची वाट लावली

अर्धवट_लिंक:
धाकट्या बहिणीसोबत झेल्डा मालिकेतला 'हायरूल वॉरियर्स: एज ऑफ कॅलॅमिटी' हा व्हिडिओ गेम खेळून संपवला. स्क्रीन अर्धी तिला, अर्धी मला. दोघांत खेळायला झकास, पण कथेवर डोकं फिरलंय. (खेळायचा असेल तर पुढे वाचू नका, सगळं फुटेल.)

त्याच मालिकेतल्या 2017च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये नायक लिंक शंभर वर्षांनी जागा होतो तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. त्याचे साथीदार योद्धे मीफा, दारुक, रेवाली, उर्बोसा, चौघंही मेलेले. 2020मध्ये हा गेम आला तो त्या शंभर वर्षांपूर्वीच्या युद्धाचा म्हणून. आणि निघालं काय? तेराको नावाचं अंड्यासारखं यंत्र काळात मागे येतं, ऐन मरणाच्या क्षणी भविष्यातून मदत टपकते, चौघंही ठणठणीत! शोकांतिका दाखवतो म्हणून बसवलं आणि शेवटी सगळे गळ्यात गळे. ही चक्क फसवणूक आहे.

कोरोक_पेठेतला:
साफ असहमत. मीफाला वाचवायला सिडॉन येतो तो प्रसंग पाहिलास ना? लहानपणी गमावलेल्या बहिणीसमोर तिचा ताडमाड वाढलेला भाऊ उभा राहतो. मूळ गेममध्ये त्याच्याकडे तिच्या आठवणींशिवाय काही नसतं. त्या एका प्रसंगासाठी मी काळाची उलटापालट माफ करतो. आणि मूळ शोकांतिका कुणी पुसलीये? ती जिथल्या तिथे आहे, ही वेगळी वाट.

रात्रपाळी:
कथा राहू द्या हो. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ची जान म्हणजे एकटेपणा. टेकडीवरून बोकोब्लिन राक्षसांची छावणी न्याहाळायची, वरून धोंडा ढकलायचा, नाहीतर हळूच मागून जाऊन भाला पळवायचा. तलवार मोडेल या धास्तीने निम्म्या मारामाऱ्या टाळायच्या. इथे शस्त्र मोडतच नाही आणि एकेका लढाईत हजारभर बोकोब्लिन आडवे. नुसती बटणं बडवायची! त्यात नकाशाभर 'इतकी सफरचंदं आणा, तितकं लाकूड आणा'. याला झेल्डा म्हणायचं?

इंपाची_सावली:
बटणं बडवून लायनेलसारख्या बलाढ्य राक्षसासमोर जा बरं, वरच्या काठिण्यपातळीवर. दोन मिनिटं टिकलात तरी खूप. मोठे शत्रू नुसत्या माराने हलत नाहीत. ते झेप घेतात तेव्हा डोक्यावर खूण दिसते, नेमकं त्याच क्षणी बॉम्ब, बर्फ किंवा स्टॅसिस (शत्रूला जागीच थिजवणारी शक्ती), जे सांगितलंय तेच वापरावं लागतं. मग त्यांचा कमकुवत बिंदू उघडा पडतो. आमच्याकडे नवरा बर्फाने अडवतो आणि मी इंपा हे पात्र घेऊन तुटून पडते. तिच्या खुणा शत्रूच्या अंगावरून गोळा केल्या की तिच्या प्रतिकृती उभ्या राहतात, मग एका वाराचे अनेक वार. हे एकट्याने खेळणाऱ्याला नाही कळायचं.

रात्रपाळी:
माझ्या बाजूने कोणी बर्फ टाकायला नाही हो, म्हणून तर एकटेपणाचं कौतुक. :) पण वहिनी, दोघांत खेळताना चित्र अडखळतं आणि धूसर होतं, ते तुम्हाला खुपत नाही? गर्दी झाली की आपला माणूस कुठला तेच कळेना होतं. 2014च्या पहिल्या 'हायरूल वॉरियर्स'मध्ये एकाला टीव्ही, दुसऱ्याला वी यू या गेमयंत्राच्या गेमपॅडवरची स्वतःची स्क्रीन होती. तेव्हा जमलं ते नंतर का बिघडवलं?

इंपाची_सावली:
खुपतं ना, पण तेवढ्यासाठी सोडवत नाही. आणि झेल्डात दुसऱ्या माणसाला जागा होती कधी?

कोरोक_पेठेतला:
अवांतर: होती की. 2004चा 'फोर स्वॉर्ड्स अ‍ॅडव्हेंचर्स', 2015चा 'ट्राय फोर्स हीरोज'. पण दुसऱ्यात प्रत्येकाकडे आपापला थ्रीडीएस (हातात धरायचं गेमयंत्र) हवा. आमच्या अख्ख्या इमारतीत एक होता, तोही कुणाच्यातरी काकांनी दुबईहून आणलेला.

अर्धवट_लिंक:
माझा मुद्दा राहिला बाजूला. 2025च्या 'एज ऑफ इम्प्रिझनमेंट'मध्ये 'टिअर्स ऑफ द किंग्डम'च्या आधीचं युद्ध आहे आणि तिथे कथा ठरलेल्या वाटेनेच जाते. म्हणजे धीर धरला तर जमतं की त्यांना.

कोरोक_पेठेतला:
जमतं, आणि तिथेच माझा रस संपतो. राजकन्या झेल्डा ड्रॅगन होणार हे 2023पासून ठाऊक आहे. राजा रौरू, राणी सोनियाचं काय होतं तेही. वर त्यासाठी स्विच 2 हे वेगळं गेमयंत्र घ्यायचं. नको रे बाबा, मला माझा सिडॉन पुरे.

अर्धवट_लिंक:
बहीणही हेच म्हणते. घरात अल्पमतात आहे, इथेही तेच दिसतंय. तरी मत बदलणार नाही.