सिनेमा आणि पत्रकारिता एकाच पदवीत: ‘भाराभर चिंध्या’ म्हणणाऱ्यांना उत्तर

उपसंपादक (धागाकर्ता)
‘बारावीनंतर काय’ या चर्चेत काल कुणीतरी ठोकून दिलं: “सिनेमा आणि पत्रकारिता एकत्र शिकणं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. कॅमेरा यूट्यूबवर शिकता येतो, बातमी ऑफिसात.” उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

कॅमेरा यूट्यूबवर येतो, कबूल. पण दोन्ही विषयांचं एकमेकांशी जे भांडण आहे ते तिथे शिकवत नाहीत. विषय घ्या, दिवसाआड पाणी. सिनेमावाला म्हणणार, मावशींना हंडा घेऊन पुन्हा जिना चढायला सांगा. एक शॉट मागून, एक पायांचा क्लोजअप. बातमीवाला म्हणणार, पुन्हा चढायला लावलंत की ती घटना उरली नाही. मग रेघ आखावी लागते. रोजचीच कृती असेल तर पुन्हा करून घ्या. एकदाच घडलेली असेल (भांडण, रडणं, साहेबांची भेट) तर नाही. नाट्यरूपांतर असेल तर पडद्यावर तसं लिहा.

बाइटचंही (कॅमेऱ्यासमोरच्या बोलण्याचा तुकडा) तेच. मावशी म्हणतात, “पाणी येत नाही असं नाही, पण कमी येतं.” ‘असं नाही’च्या आधी कापलं, जोडावर हाताचा इन्सर्ट (मध्ये घातलेला वेगळा शॉट) टाकला, की सांधा दिसत नाही आणि अर्थ उलटा. एडिटिंगच्या तासाला ही सफाई, वार्तांकनाच्या तासाला लबाडी. दोन्ही मास्तर एकाच टाइमलाइनसमोर (एडिटिंगच्या पडद्यावरची शॉट्सची पट्टी) बसतील असं ठिकाण विद्यापीठाशिवाय कुठलं?

खडूस_पेठकर
तो प्रतिसाद माझाच. मास्तर एकत्र बसतात ही कविकल्पना. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून आहे. पत्रकारिता शिकवणारी रानडे इन्स्टिट्यूट फर्ग्युसन रस्त्यावर, रिक्षाच्या अंतरावर. तरी दोन संसार वेगळेच आहेत ना? १९७४ मध्ये दिल्लीहून टीव्हीचं प्रशिक्षण फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आलं, तेही वेगळा विभाग म्हणून.

आता हिशेब. सेमिस्टर धरा १५ आठवडे, म्हणजे १०५ दिवस. माहिती अधिकाराचा अर्ज: ३० दिवस. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील: ३०, फार तर ४५. झाले ७५. उरलेल्या ३० दिवसांत शूट, एडिट, साउंड? म्हणून पोरं अर्जच टाकत नाहीत. फिल्म म्हणजे ड्रोनचा सूर्यास्त, दोन आजोबा, बासरी. आणि म्हणे शोधपत्रकारिता.

बूमवाली
@खडूस, अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकायचा आणि वाट बघताना शूट करायचं, एवढं साधं आहे. फी १० रुपये. महाराष्ट्रात १५० शब्द आणि एकच विषय, ही मर्यादा पाळा. ‘पाणी का येत नाही’ विचारलंत तर ‘कारणं देणं बंधनकारक नाही’ असं उत्तर येणार. ‘अमुक तीन महिन्यांच्या टँकर फेऱ्यांच्या नोंदवहीच्या प्रती द्या’ असं लिहा. ती वही हातात आली की तिचाच क्लोजअप घ्या, बासरी लागत नाही.

खरी बोंब वेगळी आहे. सिनेमाचे मास्तर सेकंदाला २४ फ्रेम्सवर (चित्रांवर), बातमीचे २५ वर, आणि पोरं मोबाइलवर ३० वर. एकाच प्रोजेक्टमध्ये तिन्ही.

फ्लिकर_पाटील
२४ ला नावं ठेवू नका. तुम्ही २४ वर १८० अंशाचं शटर ठेवता, म्हणजे प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद उजेड. आपली वीज ५० हर्ट्झ, जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, त्या हिशेबात १/४८ बसत नाही. शटर १७२.८ अंश करा, १/५० मिळतं, फ्लिकर (चित्रातली लुकलुक) गायब. दोष फ्रेमरेटचा नाही, न वाचलेल्या मॅन्युअलचा.

बूमवाली
मॅन्युअल वाचलंय हो. फ्लिकर गेला, पण २५ च्या टाइमलाइनवर तुमचं २४ कसं बसवणार? दर सेकंदाला एक फ्रेम दोनदा दाखवाल तर प्रत्येक पॅनला (कॅमेरा आडवा फिरवताना) उचकी. वेग वाढवाल तर तासाची फिल्म ५७ मिनिटं ३६ सेकंदांची, आणि आवाजाची पट्टी वर. मावशींचा आवाज मी वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला असतो, त्याची वाट लागते ती कुणाच्या खात्यात?

फ्लिकर_पाटील
पट्टी न बदलता वेग बदलता येतो. सॉफ्टवेअर नावाची गोष्ट निघालीय.

बूमवाली
हेडफोन नावाचीही निघालीय. लावून ऐका एकदा, मग बोलू.

खडूस_पेठकर
पदवीचा धागा होता ना हा? भाराभर चिंध्या म्हणालो ते चुकलं नव्हतं.

बीएमएमची_पिडा
मुंबई विद्यापीठाचं कुणीच काढलं नाही. बीएमएम या मास मीडियाच्या पदवीत (हल्लीचं बीएएमएमसी) तिसऱ्या वर्षी फाटा फुटतो: जाहिरात की पत्रकारिता. सिनेमाला तिसरी वाट नाही. एकत्र शिकवणं म्हणजे हे असेल तर खडूसरावांना माझं अनुमोदन.

उपसंपादक
नुसत्या नावापुरती एकत्र पदवी मी म्हणतच नव्हतो. पुढचा प्रश्न बघा: कच्चा कट मावशींना आधी दाखवायचा का? माहितीपटवाले पुष्कळदा दाखवतात, सहा महिने त्यांच्या घरात कॅमेरा असतो. बातमीवाले छापण्याआधी कॉपी (बातमीचा मजकूर) दाखवत नाहीत, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला तर नाहीच. त्याला प्रश्न लेखी पाठवायचे, मुदत द्यायची, उत्तर नाही आलं तर तसं सांगायचं. एकाच फिल्ममध्ये मावशीही आहेत आणि आरोप असलेला टँकरवालाही. दोन्ही शिस्ती न शिकलेला पोरगा एक तर दोघांनाही दाखवतो, नाही तर कुणालाच नाही.

खडूस_पेठकर
टँकरवाल्याचा मुद्दा पटला. पण त्यासाठी तीन वर्षांची पदवी कशाला? एका सेमिस्टरचा संयुक्त पेपर पुरे. त्यातही अर्ज पहिल्या आठवड्यात टाकला नसेल तर कॅमेरा इश्यू करायचा नाही, असा नियम असेल तरच. अभिनंदन, एवढ्या प्रतिसादांत एक पेपर कमावलात.

उपसंपादक
तीन वर्षांवरून एका पेपरवर तुम्ही आणलंत. शून्यावरून एकावर मीही तुम्हाला आणलं.

बूमवाली
त्या पेपरात पहिला तास फ्रेमरेटचा ठेवा. मोबाइलवर ३० ऐवजी २५ निवडता येतं का बघा, नसेल तर २५ देणारं अ‍ॅप टाका, शटर १/५० वर लॉक. ३० चं २५ मध्ये टाकलंत तर दर सहावी फ्रेम गळते. आणि मोबाइलचा फ्रेमरेट कमीजास्त होतो, म्हणून एडिटला घेण्याआधी फाइल स्थिर फ्रेमरेटवर बदलून घ्या, नाही तर दहाव्या मिनिटाला ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे.

फ्लिकर_पाटील
हे बरोबर आहे. २४ बद्दल मात्र मी मागे हटलेलो नाही.