बाटली बदलून पोट जात नाही, माप कमी करा

कुंभारवाडा
परवा 'तिसरी_घंटा' यांनी इथे लिहिलं होतं की बीअर सोडून व्हिस्की पाण्यातून घ्यायला लागलो, चखण्याला शेव-फरसाणऐवजी काकडी-गाजर घेतलं आणि पँट ढिली झाली, तेव्हा वजन दारूने वाढतच नाही, चखण्याने वाढतं. खाली जो तो 'मी पण आता व्हिस्कीवरच' लिहून गेलाय. हे वाचून माझं डोकं फिरलं कारण माझ्या मोठ्या भावाने नेमकं हेच केलं. बीअरचं पोट नको म्हणून व्हिस्कीवर आला, वर्षभराने सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आणि रक्तात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेले. डॉक्टरांनी विचारलं किती घेता तर म्हणाला दोन पेग. मी घरी त्याचा पेग मापाने ओतायला लावला, एकेक पेग नाइन्टी, म्हणजे ९० मिली भरला. म्हणजे त्याचे दोन पेग म्हणजे अख्खी क्वार्टर, १८० मिली.

आता गणित बघा. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्के. १८० मिलीत शुद्ध अल्कोहोल ७७ मिली, वजनाने ६० ग्रॅम. अल्कोहोलच्या एका ग्रॅमला ७ कॅलरी, तुपा-तेलाला ९ असतात, म्हणजे फार लांब नाही. झाल्या की नाही सव्वाचारशे? ज्वारीच्या मध्यम तीन भाकरी झाल्या आणि यात चखण्यातला एक दाणासुद्धा धरलेला नाही. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बीअर घेतली तर अल्कोहोलच्या २९० आणि वर थोड्या कार्ब्सच्या. म्हणजे एका बीअरवरून क्वार्टरवर आलेल्या माणसाच्या कॅलरी वाढल्या, आणि तो खूश आहे की डाएट चालू आहे.

दुसरं म्हणजे अल्कोहोल शरीराला साठवून ठेवता येत नाही. लिव्हर आधी ते जाळतं, साधारण तासाला ७ ते १० ग्रॅम, आणि तोपर्यंत चरबी जाळायचं काम मागे पडतं. रात्री दहाला क्वार्टर संपवली तर पहाटेपर्यंत लिव्हर तेच करत बसलेलं असतं, वर झोप नीट होत नाही ती वेगळी आणि दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते ती वेगळी.

म्हणून सांगतो, घरात ३० मिलीचं माप ठेवा, आठवड्याचे वार ठरवा, जेवून मग बसा आणि खंबा, म्हणजे मोठी बाटली, घरात आणूच नका. बीअर की व्हिस्की की वाईन हा प्रश्नच नाही, किती हा प्रश्न आहे.

तिसरी_घंटा
नाव घेऊन धागा काढलाय तर उत्तरही ऐका. मी कुठे लिहिलं की क्वार्टर घ्या? मी दोन स्मॉल घेतो, मोजून ६० मिली. तुमच्याच गणिताने १४० कॅलरी. आधी शनिवारी दोन स्ट्राँग बीअर व्हायच्या, म्हणजे सहाशेच्या वर. तुमच्या भावाचा पेग नाइन्टीचा यात माझा काय दोष?

आणि चखण्याचं तुम्ही सोयीने सोडून दिलंत. तळलेले शेंगदाणे शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या पुढे, शेव तशीच, वर चिकन लॉलीपॉप आणि शेवटी बिर्याणी. आमचा ग्रुप बसला की एकट्या चखण्याच्या हजार कॅलरी होतात, मी डोळ्यांनी बघतो. अजून एक, थोडी घेणारे लोक जाड होतात असं अभ्यासांमधून काही ठाम निघालेलं नाही, जे भरपूर घेतात किंवा एका बैठकीत चढवतात त्यांच्यात वजनाचा संबंध दिसतो. हे पण लिहायचं होतंत ना, का ते अडचणीचं होतं?

कुंभारवाडा
थोडी घेणाऱ्यांचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, मान्य. पण मग तुमचं वजन उतरलं ते सहाशेवरून १४० वर आलात म्हणून. दारू कमी केलीत आणि पोस्टमध्ये श्रेय दिलंत व्हिस्कीला. लोकांनी त्यातली व्हिस्की तेवढी उचलली, ६० मिली कुणी उचललं नाही कारण तुम्ही तो आकडा लिहिलाच नव्हता.

सोलकढी
आमच्या गोव्यात मार्च-एप्रिलमध्ये बघा, उर्राकाचा सीझन आला की 'नैसर्गिक आहे, काजूच्या बोंडूची आहे, हिने काय होत नाही' म्हणत दुपारीच सुरू. फेणीपेक्षा सौम्य म्हणून ग्लास मोठा, आणि त्यात गोड लिंबू सोडा ओततात त्याची साखर वेगळीच. माझे काका म्हणायचे गावची दारू बाधत नाही. त्यांना शुगर पण झाली आणि लिव्हर पण गेलं. काजू असो, द्राक्ष असो, आत अल्कोहोल एकच आहे.

पाटावरवंटा
चखणा चखणा चाललंय म्हणून मला लिहावंच लागतंय. हा चखणा करतं कोण? तुमच्या त्या काकडी-गाजराच्या सळ्या कोण कापून देतं, तिसरी_घंटा? आमच्याकडे शनिवारी चौघे येतात, दहा वाजता भजी, अकराला 'वहिनी थोडे पापड', बाराला 'वहिनी अंड्याची भुर्जी होईल का'. मुलांची झोप मोडते, मी तेलाच्या वासात उभी आणि दुसऱ्या दिवशी हेच मला सांगणार की तुझ्या हाताला तेल जास्त म्हणून माझं वजन वाढतंय. डॉक्टरकडे पण मलाच विचारतात, 'घरी तेल किती वापरता'. त्याच्या बाटलीबद्दल एक अवाक्षर नाही. दारू कमी करायचा धागा आहे ना, मग जो पितो त्याने कमी करावी, तळणारीवर कशाला घसरता?

तिसरी_घंटा
ताई, मी माझी काकडी स्वतः कापतो. तुमच्या घरचा राग माझ्यावर काढू नका.

पाटावरवंटा
कापत असाल तर चांगलंय. पण 'दोष चखण्याचा' हे वाक्य तुमचंच आहे आणि माझ्या घरी ते काल वाचून दाखवलं गेलं.

लांबचा_प्रवासी
मी ब्रिटनमध्ये असतो. इथे सरकारी सल्ला २०१६ पासून आठवड्याला १४ युनिट असा आहे, बाई असो वा पुरुष, आणि तेही तीन किंवा जास्त दिवसांत वाटून. एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम अल्कोहोल. कुंभारवाडांच्या हिशोबाने एक क्वार्टर जवळपास साडेसात युनिट झाली, दोन क्वार्टरला आठवडा संपला. भारतात सुट्टीवर आलो की मित्र एका रात्रीत तेवढी संपवतात आणि वर सांगतात की आम्ही फक्त शनिवारी घेतो. फक्त शनिवार हे मोठं फसवं आहे, सगळा कोटा एकाच रात्री लिव्हरवर ओतायचा. आणि १४ च्या आत म्हणजे सुरक्षित असंही नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात दारू १९८८ पासून आहे. तुम्ही सगळे पोटाच्या घेराचं बोलताय.

वरोरा_एक्सप्रेस
युनिट-फिनिट राहू द्या. लोकांची दारू कमी होते ती भाव वाढला की. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात दारूवरची ड्यूटी वाढली, भारतीय बनावटीच्या विदेशी दारूच्या १८० मिलीची किमान किंमत २०५ झाली, तेव्हा आमच्या इकडच्या कितीतरी जणांनी हात आखडला. नाहीतर देशीवर गेले. सरकारने फक्त ड्यूटीचं बघावं, दारूबंदीच्या नादी लागू नये. मी चंद्रपूर जिल्ह्यातला, बंदी पाहिलेली आहे.

रानजाई
बंदीत काय वाईट होतं? मी गडचिरोलीची. आमच्याकडे १९९३ पासून आहे, वर्ध्यात तर त्याच्याही आधीपासून. ती वरून आलेली नव्हती, बायकांनी आणि गावांनी रेटून आणली. माझी आई त्या मोर्चांना गेलेली आहे. भट्टी बंद झाली आणि आमच्या घरात पहिल्यांदा महिन्याच्या शेवटी धान्य उरलं.

वरोरा_एक्सप्रेस
अन आमच्या इकडे काय झालं ते मी सांगून राहिलो. १ एप्रिल २०१५ ला बंद, २०२१ च्या मे मध्ये उठवली. मधल्या सहा वर्षांत दारू कुठे गेली होती? कुठेच नाही. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातलं वणी, तिथे बंदी नव्हती, तिथून गाड्या भरून यायच्या. जो माणूस शंभरची क्वार्टर घ्यायचा तो अडीचशे-तीनशे द्यायला लागला अन घेतच राहिला, घरचा पैसा जास्त गेला. शाळेतली पोरं पार्सल पोहोचवायला लागली. माझ्या बाबांनी त्याच काळात कसलीतरी बनावट पिली, चार दिवस दवाखान्यात होते, नजर तेव्हापासून कमजोर आहे. काहून कौतुक करता तुम्ही बंदीचं?

रानजाई
बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण विषारी दारू फक्त बंदीमुळे येते का? २०१५ लाच मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं मेली, मुंबईत कुठली दारूबंदी होती? गरिबाला स्वस्त पाहिजे म्हणून तो तसली पितो. तुम्ही म्हणता भाव वाढवा, भाव वाढवल्यावर तो काय करणार? तीच भट्टीची घेणार. तुमच्या उपायातून पण तेच विष निघतं.

वरोरा_एक्सप्रेस
म्हणून आमच्या पोरांनी तस्करी शिकावी? तुम्ही एसटीत बसून या एकदा, दाखवतो कोणाकोणाचे बंगले बंदीत झाले. गडचिरोलीत मोहाची मिळत नाही हे तरी छातीवर हात ठेवून सांगा.

रानजाई
मिळते. मोह आमच्या अंगणात पडतो, मिळणारच. पण रस्त्यावर, चौकात, शाळेच्या वाटेवर दुकान नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी पोराच्या हातात आपोआप येत नाही. संध्याकाळी पोरगी किराणा आणायला एकटी जाते. तुम्ही बाबांचं सांगितलं, मी आईचं सांगतेय, माझं खोटं आणि तुमचं खरं असं नाही ना होत.

वरोरा_एक्सप्रेस
खोटं नाही म्हटलं. गावातल्या बायांनी ठरवून दुकान बंद केलं तर ते टिकतं, एवढं देतो तुम्हाला. पण जिल्ह्याला मुंबईतून कुलूप लावलं की ते चालत नाही, यावरून मी हटणार नाही.

कुंभारवाडा
अहो, वजन आणि लिव्हरवरून कुठे आलात! वेगळा धागा काढा ना.

रानजाई
का म्हणून? तुम्हाला ३० मिलीचं माप घेऊन बसायची चैन आहे. ज्याच्या घरात मापच नाही त्याच्या तब्येतीचं बोलायचंच नाही का?

रात्रपाळी
मी एका छोट्या शहरात कॅज्युअल्टीला असतो. दोन गोष्टी लिहितो आणि जातो, बंदीच्या भांडणात पडत नाही.

पहिली. लिव्हरवरची चरबी दारूमुळे असेल आणि दारू पूर्ण थांबली तर ती काही आठवड्यांतच कमी व्हायला लागते, तिथे निराश व्हायचं कारण नाही. पण पुढच्या टप्प्याला, लिव्हर जून होऊन कडक झालं की तसं होत नाही. म्हणून सोनोग्राफीत ग्रेड वन, म्हणजे सुरुवातीचं फॅटी लिव्हर, आलं तर हसण्यावारी नेऊ नका. आणि एकदा फॅटी लिव्हर निघालं की '६० मिली चालेल का' हे इथे विचारायचं नाही, त्याला सरळ बंदच सांगितली जाते.

दुसरी जास्त महत्त्वाची. वर 'कमी करा, बंद करा' सगळे लिहितायत ते शनिवारवाल्यांना ठीक आहे. जो वर्षानुवर्षं रोज घेतो त्याने एका दिवसात स्वतःहून तोडू नये. हात थरथरतात, घाम, उलट्या, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भास होऊन माणूस ओळख विसरतो, त्यात जीव जाऊ शकतो. दर वर्षी श्रावण लागला की आमच्याकडे असे पेशंट येतात, गटारीपर्यंत रोज आणि मग शपथ घेऊन एकदम शून्य. घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा झाली, मांत्रिकाकडे नेतात आणि दोन दिवस वाया जातात.

तिसरी_घंटा
हे माहीत नव्हतं. माझ्या पोस्टमधलं 'व्हिस्कीवर आलो' काढून '६० मिलीवर आलो' करतोय, कुंभारवाडा खूश होतील. चखण्याचं वाक्य काढणार नाही, ते माझ्या अनुभवाचं आहे. पाटावरवंटा यांच्यासाठी 'स्वतः कापलेली' एवढं घालतो.

पाटावरवंटा
घाला. आणि भजी तळायला वहिनीला उठवू नये हे पण घाला.

नवीन_पान
रात्रपाळी, तुमचं वाचून घाबरले म्हणून पहिल्यांदाच लिहितेय. माझे बाबा खूप वर्षांपासून रोज क्वार्टर घेतात, कधीकधी जास्त. वजन वाढलंय, पाय सुजतात. काल स्वतःच म्हणाले उद्यापासून थेंब नाही. आम्ही सगळे इतके आनंदात होतो. आज संध्याकाळपासून हात कापतायत, झोपले नाहीयेत. आईकडे झोपेच्या गोळ्या आहेत, अर्धी देऊ का?

रात्रपाळी
नका देऊ. झोपेची गोळी घरी स्वतःहून अजिबात नको. सकाळची वाट न बघता आत्ता जवळच्या सरकारी किंवा खाजगी दवाखान्यात घेऊन जा, जिथे रात्री डॉक्टर असतो आणि भरती करता येतं. हे औषधाने नीट सांभाळता येतं, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं पण देतात, आणि पायाची सूज दाखवायलाच हवी. एकटं सोडू नका, रागावू नका. गाडी त्यांना चालवू देऊ नका. ते स्थिर झाले की मग पुढचं व्यसनमुक्तीचं बघता येईल, पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, तुमच्या जवळ काय आहे ते तिथले डॉक्टर सांगतील. आणि डॉक्टर विचारतील किती घेतात, तेव्हा रिकाम्या बाटल्या आठवून खरा आकडा तुम्ही सांगा, बाबांना विचारू नका.